दीड ऑपरेशन

मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, सर्दी झालीय का?" सर्दी झाली नव्हती. घसा दुखतही नव्हता. आवाजात नुसती हवा मिसळल्यासारखी झाली होती. वाक्य संपायच्या आत दम संपायचा आणि पाणी पिताना ठसका लागायचा. बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा घसा बसला तर त्यात नवल काय, असं म्हणून मी गुळण्या करत राहिलो. मग वाफा घेतल्या, मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. पहिल्या डॉक्टरांनी तीन महिन्यांत एकदाही स्वरयंत्र पाहिलं नाही. त्याचा राग होता, आता उरलेला नाही. पण कुणाचा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर आधी स्वरयंत्र बघून घ्या, एवढं इथेच सांगून टाकतो.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि म्हणाल्या, "डावी स्वरपट्टी हलत नाहीये." घशात काही आहे का, असं मी विचारलं. "घशात काही नाही. छातीचा सीटी काढू या."

आवाजाचा आणि छातीचा संबंध मला ठाऊक नव्हता. डाव्या स्वरपट्टीला हलवणारी नस थेट घशात जात नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. उजवीकडची नस इतकी खाली जात नाही. म्हणून कमान फुगली की डावी नस ताणली जाते, दाबली जाते, आणि आवाज बसतो. छातीतल्या दुखण्याने असा आवाज जाऊ शकतो हे ऑर्टनर नावाच्या डॉक्टरांनी १८९७ मध्येच लिहून ठेवलंय. त्यांच्या रुग्णांमध्ये दोष हृदयाच्या फुगलेल्या डाव्या कप्प्याचा होता, माझ्यात कमानीचा. सीटी अँजिओच्या रिपोर्टमध्ये आकडा होता ६२ मिलिमीटर. जी नळी साधारण ३ सेंटिमीटरच्या आसपास असावी ती तिथे दुप्पट झाली होती. ५५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विचार करतात, असं समजलं.

ती रात्र मी फुग्यांचा विचार करत काढली. वर्गात दरवर्षी फुगा फुगवून दाखवायचो. सुरुवातीला गाल दुखेपर्यंत फुंकावं लागतं, एकदा मोठा झाला की फुगा सहज फुगत जातो. त्रिज्या वाढली की तेवढ्याच दाबाखाली भिंतीवरचा ताण वाढतो, आणि भिंत पातळ होत जाते म्हणून तो आणखी वाढतो. फळ्यावर हे लाप्लासच्या नावाने लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची. आता तो फुगा माझ्याच छातीत होता आणि मिनिटाला सत्तर वेळा त्यात कुणीतरी फुंकत होतं.

*

पुढच्या भेटीत टेबलापलीकडे तिघं होते: हृदयाचे सर्जन, रक्तवाहिन्यांच्या सर्जन बाई आणि क्ष-किरणांखाली नळ्यांतून काम करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. एका रुग्णासाठी तीन डॉक्टर एकत्र बसलेले पाहून बायको पुटपुटली, "अहो, हे काही साधं दिसत नाही."

अडचण बाईंनी कागदावर काढून दाखवली. हृदयातून महाधमनी वर जाते, काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. त्या वळणावरून तीन फांद्या निघतात. पहिली उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला जाते, दुसरी मेंदूच्या डाव्या बाजूला. तिसरी डाव्या हाताची, पण मेंदूचा मागचा भाग आणि मज्जारज्जूही तिच्यावर थोडेफार अवलंबून असतात. फुगवटा खालच्या सरळ भागात असता तर जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या कड्यांवर शिवलेली कापडी नळी, आत सरकवून काम झालं असतं. रक्त नळीतून वाहतं आणि फुगवट्यावरचा दाब उतरतो. पण कमानीत तीच नळी घातली तर तिन्ही फांद्यांची तोंडं कापडाखाली बुजतील.

मी विचारलं, मग छाती उघडून पूर्ण कमानच बदलता येत नाही का?

येते. शरीर थंड करून, हार्ट-लंग मशीनवर घेऊन, रक्ताभिसरण काही वेळ थांबवून कमान बदलायची ही पद्धत ग्रीप यांनी १९७५ मध्ये मांडली. मेंदूला वेगळ्या नळीने रक्त देत राहायची रीत नंतर रुळली. जर्मनीत बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये कृत्रिम नळीचं टोक खालच्या धमनीत लोंबतं ठेवायची युक्ती काढली आणि तिला नाव पडलं 'हत्तीची सोंड'. आता त्या सोंडेतच स्टेंट असतो, म्हणून ती 'फ्रोझन' सोंड. मला वाटलं ती थंड करून बसवतात. सर्जन हसले. इथे फ्रोझन म्हणजे ताठ, एवढंच.

"तुम्ही पन्नाशीत असता आणि फुप्फुसं चांगली असती तर मी तेच केलं असतं," ते म्हणाले. मी एकाहत्तरचा. सिगारेट सोडून नऊ वर्षं झाली होती, पण फुंकणीच्या चाचणीत फुप्फुसं निम्म्याच्या जरा वर भरली. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. मग संपूर्ण आतूनच, फांद्या असलेलं स्टेंट ग्राफ्ट बसवण्याचा मार्ग निघाला. पण ते मापानुसार बनवून यायला आठवडे लागणार होते आणि माझ्या फांद्यांचे कोन त्याला जमत नव्हते. राहिला हायब्रिड मार्ग: आधी छाती उघडून फांद्यांची तोंडं कमानीवरून हलवून हृदयाजवळच्या धडधाकट भागावर नेऊन जोडायची, आणि काही दिवसांनी, झाकायला मोकळ्या झालेल्या कमानीत जांघेतून स्टेंट ग्राफ्ट घालायचं.

मी हिशेब केला. थोडं कापायचं, थोडं आतून करायचं, म्हणजे त्रास निम्मा. तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, निम्मा नाही. दीड ऑपरेशन समजा. मशीन टळतं, शरीर थंड करणं टळतं, रक्त थांबवणं टळतं. पण छाती उघडण्याचे धोके राहतात आणि आतल्या मार्गाचे त्यात भर घालतात."

मग धोके सांगितले. पक्षाघात. पाय लुळे पडणं. किडनी. नळीच्या कडेने रक्त झिरपत राहणं. नळीच्या वरच्या कडेशी महाधमनीचाच आतला पापुद्रा फाटून उलटा हृदयाकडे सरकणं. प्रत्येकाचा आकडा दिला. तो माझ्या वयाचा, माझ्या फुप्फुसांचा होता, म्हणून इथे लिहीत नाही. मुलगी नंतर मला धीर द्यायला काहीबाही वाचून आली: धमन्यांसाठी डेक्रॉनच्या कापडी नळ्या ज्यांनी शिवणयंत्रावर शिवून पाहिल्या त्या मायकेल डिबेकी यांचीच महाधमनी २००५ च्या शेवटच्या दिवशी फाटली, ९७ व्या वर्षी त्यांचं ऑपरेशन झालं आणि ते पुढे दोन वर्षांहून अधिक जगले. मला धीर आला नाही. माझं लक्ष 'फाटली' या शब्दावरच अडकलं.

मधल्या तीन आठवड्यांत हृदयाची अँजिओग्राफी, इको, मानेच्या धमन्यांचा डॉप्लर, मेंदूतल्या धमन्या एकमेकींना नीट जोडलेल्या आहेत का याची तपासणी, दातांची तपासणी. दात कशाला? कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग झाला तर तो निघता निघत नाही, म्हणून. रक्तदाब खाली ठेवायच्या गोळ्या वाढवल्या. दोन्ही हातांचा दाब दरवेळी वेगवेगळा मोजायचे.

*

पहिल्या टप्प्याचं मला आठवतं ते इतकंच, की कपाळावर दोन चिकटपट्ट्या लावल्या. मेंदूच्या दोन्ही बाजूंना प्राणवायू किती पोचतोय ते त्या सतत दाखवत राहतात. भूलतज्ज्ञांनी बायकोचं नाव विचारलं, मी सांगितलं की नाही कोण जाणे.

बाकीचं बाईंनी नंतर सांगितलं. आधी डाव्या गळपट्टीच्या हाडावर छेद घेऊन डाव्या हाताच्या धमनीला मानेतल्या धमनीशी बायपासने जोडलं, कारण ती फांदी छातीत फार खोल असते. त्या जागेत श्वासपटलाची नस आणि लिम्फची मोठी वाहिनी दोन्ही जवळून जातात, तिथे घाई चालत नाही. मग छातीचं हाड मधोमध उभं कापलं. हृदय चालूच होतं. महाधमनीच्या चढत्या भागाला कडेने चिमटा लावला, म्हणजे चिमट्याच्या एका बाजूने रक्त वाहत राहिलं आणि दुसऱ्या बाजूला शिवायला जागा मिळाली. तिथे दोन फाटे असलेली डेक्रॉनची नळी शिवली. एक फाटा मेंदूच्या डाव्या धमनीला, दुसरा पहिल्या मोठ्या फांदीला, एकेक करून, म्हणजे कुठल्याही क्षणी बाकीच्या वाटा उघड्या राहतील. जुनी तोंडं बांधून टाकली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी लहान आहे. नळी शिवली तिथे त्यांनी धातूची बारीक खूण सोडली, क्ष-किरणात दिसेल अशी. नळी मुद्दाम शक्य तेवढी खाली, हृदयाच्या जवळ शिवली होती. दुसऱ्या टप्प्यातलं स्टेंट ग्राफ्ट टेकायला किमान दोन सेंटिमीटर चांगली भिंत लागते. त्या खुणेच्या वर ते बसवायचं, खाली एक मिलिमीटरही यायचं नाही. छाती उघडणाऱ्याने दहा दिवसांनी जांघेतून येणाऱ्यासाठी ठेवलेला तो निरोप होता.

साडेपाच तास लागले. आयसीयूत दुसऱ्या रात्री मला समोरच्या भिंतीवर फळा दिसायला लागला आणि कुणीतरी चुकीची समीकरणं लिहीत होतं. मी नर्सला खडू मागितला म्हणे. हे पुष्कळांना होतं, आणि घरच्यांनी घाबरू नये म्हणून आधीच सांगायला हवं होतं. बायको त्या रात्री बाहेर बसून रडली.

*

आता त्या मधल्या दिवसांबद्दल, ज्याबद्दल कुणीच फारसं बोलत नाही.

दुसरा टप्पा सातव्या दिवशी ठरला होता. तिसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडली. छाती उघडल्यावर बऱ्याच जणांना होणारी ही गोष्ट, औषधाने ताळ्यावर आली. पण तारीख अकराव्या दिवसावर गेली. छातीच्या हाडाला स्टीलच्या तारा, मानेला टाके, पायांत घट्ट मोजे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो फुगा जागच्या जागी, ६२ मिलिमीटर. एक मोठं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि माझा आजार तसूभरही कमी झाला नव्हता. भेटायला येणारे "झालं ना एकदाचं" म्हणायचे. त्यांना काय सांगायचं?

वरचा दाब १२० च्या खाली हवा. जोर करायचा नाही, त्यासाठी पोट साफ व्हायचं औषध रोज, न चुकता. आणि फिजिओथेरपिस्ट येऊन सांगायची, खोका, नाहीतर फुप्फुसात कफ साठेल. खोकायचं तर छातीशी उशी घट्ट धरून. "खोका, पण फार जोरात नको." माझं तर तेही जमेना. नीट खोकायला दोन्ही स्वरपट्ट्या मिटून हवा कोंडावी लागते, मगच ती सुटते. माझी एक पट्टी मिटतच नव्हती. जो फुगा आवाज घेऊन गेला होता त्याने खोकलाही नेला होता. मग तिने 'हफ' शिकवलं: तोंड उघडं ठेवून, काचेवर वाफ सोडतात तसा जोराचा उच्छ्वास. श्वास ओढून गोळ्या वर उचलायचं तीन गोळ्यांचं एक खेळणं देतात, त्यात सहाव्या दिवशी दुसरी गोळी वर गेली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने टाळी वाजवली.

रात्री मी नाडीवर बोट ठेवून पडायचो. बायकोला ते कळलं तेव्हा तिने माझा हात तिथून काढून स्वतःच्या हातात धरून ठेवला आणि म्हणाली, "मोजल्याने काय थांबणारेय ते?"

*

अकराव्या दिवशीची खोली वेगळी होती. हायब्रिड थिएटर. निम्मी शस्त्रक्रियेची, निम्मी अँजिओग्राफीची, टेबलाभोवती इंग्रजी सी अक्षरासारखं मोठं क्ष-किरण यंत्र. काही बिघडलं तर रुग्णाला हलवायला नको, तिथेच छाती उघडता येते. हे वाक्य त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं होतं.

आधी कमरेत मणक्यांच्या मधून एक बारीक नळी घातली. महाधमनीतून मज्जारज्जूकडे बारीक धमन्या जातात. स्टेंट ग्राफ्ट त्यांतल्या काही झाकणार होतं. मज्जारज्जूभोवतीचं पाणी थोडं काढून घेतलं तर त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि उरलेलं रक्त सहज पोचतं.

मग भूल. जांघेतून आठ मिलिमीटर जाडीच्या आवरणात दुमडलेलं स्टेंट ग्राफ्ट वर सरकवलं. त्याच्या कड्या नायटिनॉलच्या, निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. हा मी वर्गात दाखवायचो: तार वाकवायची, गरम पाण्यात टाकायची, ती आपला आकार आठवून सरळ होते. महाधमनीत पाणी गरम करायला नको, शरीर आहेच. आवरण मागे ओढलं की कड्या उघडतात. पण हृदयाच्या इतक्या जवळ, दर ठोक्याला येणारी रक्ताची लाट उघडत्या नळीला पुढे ढकलू शकते, वाऱ्यात छत्री उघडावी तशी. म्हणून काही सेकंद पेसमेकरने हृदय इतकं भरभर चालवतात की ते रक्त फेकतच नाही, नुसतं थरथरतं. दाब कोसळतो. तेवढ्यात नळी उघडायची. ती त्या धातूच्या खुणेच्या तीन मिलिमीटर वर बसली. नंतर डाव्या हातातून एक बूच नेऊन तिसऱ्या फांदीचं जुनं तोंड बंद केलं, नाहीतर बायपासचं रक्त उलटं फुगवट्यात शिरलं असतं.

असं जांघेतून महाधमनीत शिरणं तसं जुनं नाही. खारकीवमध्ये व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत पहिलं असं ग्राफ्ट घातलं, अर्जेंटिनात पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या फुगवट्यावर. तेव्हा मी ऐन उमेदीत शिकवत होतो आणि मला पत्ताही नव्हता.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिला आवाज: "डावा अंगठा हलवा. आता उजवा. घोटे वर ओढा." दर तासाला हेच. आणि गंमत म्हणजे महिनाभर ज्यांनी माझा रक्तदाब खाली, आणखी खाली ठेवला, तेच आता औषध देऊन तो वर ठेवत होते. फुगवटा झाकला गेला होता. आता काळजी मज्जारज्जूची होती, त्याला जोर हवा होता.

पहाटे तीनच्या सुमाराला नर्सने डावा घोटा वर ओढायला सांगितला आणि तो येईना. अंगठा किंचित हलला. मी पुन्हा प्रयत्न केला. तिने "असू दे, झोप असेल" म्हटलं नाही. फोन केला. पाच मिनिटांत डॉक्टर आले, दाब आणखी वर चढवला, कमरेच्या नळीतून थोडं पाणी काढलं, हिमोग्लोबिन पाहिलं. मी छताकडे बघत घोट्याला हुकूम सोडत राहिलो. सव्वापाचला तो हलला. सहाला पूर्ण वर आला. त्या नर्सचं नाव मी इथे घेत नाही, तिला ते आवडणार नाही, पण माझं चालणं तिच्यामुळे आहे. हा त्रास उशिराही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही होऊ शकतो. म्हणून पाय जड वाटला तर सकाळची वाट बघू नका, तिथल्या तिथे सांगा.

*

घरी गेलो विसाव्या दिवशी. दोन महिने वजन उचलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही. हे सगळं छाती उघडण्याचं देणं. जांघेतलं भोक आठवड्यात विसरलो.

महिन्याच्या सीटीत फुगवट्यात रंगद्रव्याची एक बारीक रेघ दिसली. मला वाटलं, संपलं सगळं. रेडिओलॉजिस्टने समजावलं की झिरपण्याचे प्रकार असतात. नळीच्या टोकापाशी फट राहिली असेल तर लगेच दुरुस्ती करावी लागते. हे मागच्या एखाद्या लहान फांदीतून उलटं येणारं रक्त होतं. ते बरेचदा आपोआप बंद होतं, बघत राहायचं. सहा महिन्यांच्या सीटीत रेघ नव्हती आणि फुगवटा ५८ मिलिमीटर होता. वर्षाला ५५. आता दर वर्षी सीटी, कायमचा. दरवेळी किडनीची काळजी, दरवेळी आदल्या रात्रीची झोप नाही. 'आतून' केलेल्या कामाला हा हप्ता असतो. पाकिटात एक कार्ड आहे, त्यावर नळीचा प्रकार आणि माप. दातांच्या डॉक्टरांना ते दाखवतो. आणि अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की महाधमनीचा रुग्ण आहे, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातलं शक्यतो नको. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिलाय.

आवाज परत आला नाही. फुगा आकसला म्हणून ताणलेली नस बरी होईलच असं नसतं. स्वरपट्टीत एक इंजेक्शन घेतलं, ती थोडी फुगून मधे आली, त्यामुळे ठसका थांबला आणि फोनवर आता मुलगी सर्दीबद्दल विचारत नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत मात्र हा आवाज पोचणार नाही.

छातीतल्या महाधमनीचा असा विकार निघाला की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगी लगेच गेली, तिचं सगळं व्यवस्थित आहे. धाकटा भाऊ वर्षभर टाळत होता. "मला काही होत नाही," हे त्याचं ठरलेलं. मागच्या महिन्यात एकदाचा जाऊन आला. चढत्या भागात ४१ मिलिमीटर. सध्या गोळी, सिगारेट बंद, आणि वर्षाने पुन्हा मोजणी. त्याने फोनवर विचारलं, "दादा, एक्केचाळीस म्हणजे खूप का रे?"

मी त्याला घरी बोलावलं आणि फुग्यांचं पाकीट काढून ठेवलं.